थोरलीचं ‘राहू दे’

माझी थोरली काकी रिकाम्या घराला कधी भ्याली नाही. ती भ्यायची ती भरल्या घराला.

पाऊस मध्येच तोंड फिरवून गेला आणि लोंब्या पोचट राहिल्या, अशा वर्षी थोरली रानातून करांदे उकरून आणायची, नाचणीची आंबील शिजवायची आणि आम्हा पोरांना ओळीनं बसवून अशी वाढायची, की कुणाला वाटावं या घरात लग्न आहे. तेव्हा तिची थट्टा, तिचं गाणं, सगळं जोरात. पण परसातला फणस बुंध्यापासून लगडला, किंवा गाय व्याली आणि कालवड झाली, की तिचा चेहरा उतरलाच म्हणून समजा. फणसाखाली उभी राहून ती वर बघायची, डोक्यावर पदर ओढायची आणि आम्हाला दटावायची, "हळू बोला रे. इथं दात काढू नका." आम्ही लहान होतो. त्या फणसावर काहीतरी बसलेलं आहे अशी आमची खात्रीच होती, आणि त्याच्या खालून आम्ही पळत जायचो.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. थोरली म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. दोन घरांना मिळून एकच खळं होतं, आणि आई शेतावर गेली की माझा मुक्काम थोरलीच्या चुलीपाशी. पुढे लग्न होऊन मी महाडला आले, बाजारपेठेत ब्लाउज शिवायचं लहानसं दुकान टाकलं, तरी सणावाराला, भाताच्या लावणीला, झोडणीला मी वर जातच राहिले. माहेरी जाते असं मी सांगायची, पण खरं तर थोरलीकडे जायची.

तिच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. शिवी नव्हे, शिव्या ती स्वतःच उत्तम द्यायची. बंदी होती ती ‘पुरे’ या शब्दाला. ताटात भात पडत असताना कोणी "पुरे" म्हटलं, की तिचा हात जागच्या जागी थांबायचा आणि ती अशी बघायची, की आपण पेटत्या चुलीत पाणी ओतलंय.

"तसं म्हनू नये," ती म्हणायची. "पुरे म्हटलं की देनारा हात मागं घेतो. परत पुढं करील का नाय, ते आपल्या हातात हाय का?"

"मग काय म्हणू? पोट फुटायला आलंय माझं."

"राहू दे म्हन."

एवढाच फरक. आम्ही पोरं तिला पाठीमागे ‘राहूदे काकी’ म्हणायचो आणि जेवताना ताटावर हात आडवे धरून मुद्दाम एका सुरात ओरडायचो, "राहू दे, राहू दे!" तिला त्यात चिडवणं दिसायचंच नाही, उलट ती समाधानानं भाताचं भांडं खाली ठेवायची. मला कितीतरी वर्षं वाटत होतं, की हा नुसता बोलण्यातला सभ्यपणा आहे. ‘पुरे’ जरा तोडून टाकल्यासारखं लागतं, ‘राहू दे’ मऊ लागतं, दुसरं काय असणार?

तिचा मुलगा महेश शिकला आणि महाडकडच्या एका कारखान्यात कायम झाला. त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन वाट चढताना ओरडतच आला. थोरलीनं आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग पुडा घेऊन आत गेली. पहिला पेढा देवापुढे, दुसरा गायीला, मग वाडीतल्या घराघरांत, आणि घरच्यांच्या वाट्याला आला तो चुरा.

"आई, नोकरी माझी हाय का वाडीची?" महेश वैतागून म्हणाला.

"तुझी कशी रे? येताना संगती घेऊन आलावतास?"

कामावर जायच्या दिवशी त्यानं नवा शर्ट घातला, तोही तिनं काढायला लावला. "पहिल्या दिवशी जुनाच घाल. नायतर त्याला वाटंल, ह्याला आता माझी गरज नाय." महेश मनातल्या मनात धुमसत जुन्या शर्टात गेला. कारखान्यात त्यांनी दारातच त्याच्या हाती गणवेश दिला, त्यामुळे नवा काय नि जुना काय, सगळं सारखंच झालं. हे सांगताना तो अजून हसतो.

नजर लागण्यावर मात्र थोरलीचा काडीचा विश्वास नव्हता. तिच्या दाराला लिंबू-मिरची कधी दिसली नाही. एकदा ती ओटीवर तांदूळ पाखडत होती तेव्हा मी विचारलंच, की नजरेला भीत नाहीस तर एवढं भ्यायचं कोणाला?

"लोकांच्या नजरेला नाय गो भीत मी. आपल्याच नजरेला भिते. आपलं भरलेलं आपन बघत बसतो ना, तेव्हा वर बघायचं राहून जातं. त्याला ते कळतं."

"त्याला म्हणजे देवाला?"

तिनं सुपातून नजर उचलली नाही. "बोलून कशाला दाखवतेस? ऐकतोय तो."

भर दुपार होती, अंगणात लख्ख ऊन पडलं होतं, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. मी मागे वळून पाहिलं. अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं.

या भीतीचं मूळ तिनं एकदाच सांगितलं. तिचं माहेर महाडजवळच्या नाते गावाच्या बाजूचं, सपाटीची शेती, बरं चाललेलं घर. ती लहान असताना एका साली असं पीक आलं, की खळ्यावर राशीपलीकडचा माणूस दिसेना. तिच्या वडिलांनी राशीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "औंदा देवाकडं मागायला कायपन उरलं नाय." देवाचा वाटा आधी काढायचा, तो ‘काढू मागाहून’ म्हणून राहिला तो राहिलाच. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यानं वाट बदलली आणि त्यांच्या शेतावर गोटे नि वाळू आणून टाकली. परत त्या जमिनीत धड भात झालं नाही.

"बाप तसं बोलला म्हनून झालं, असं मी नाय म्हनत," थोरली म्हणाली. "ओढा शेजाऱ्याचंबी शेत खाऊन गेला, तो बिचारा तर कायच बोलला नव्हता. पर मला बापाचा तो आवाज आठवतो गो. भरल्या पोटाचा आवाज. तो माझ्या गळ्यातून येऊ नये, एवढंच मी मागते."

आणि तो आला.

काही वर्षांमागची गोष्ट. त्या साली सगळंच एकदम आलं. पाऊस वेळेवर पडला आणि वेळेवर उघडला. भात असं उभं राहिलं, की वाटेनं जाणारी माणसं बांधावर थांबून बघायची आणि थोरली घरात जाऊन बसायची. महेशच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण त्याची बायको अश्विनी हिची कूस उजवली नव्हती. मुंबईपर्यंतचे दवाखाने करून झाले होते. झोडणीच्या दिवसांत मी वर गेले, तर अश्विनीनं मला चुलीपाशी ओढून नेऊन कानात सांगितलं, की दिवस गेलेत. थोरलीला तिनं सकाळीच सांगितलं होतं. ते ऐकून थोरलीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही आणि तडक जाऊन गोठा झाडायला घेतला.

"आई रागावल्या का हो ताई?" अश्विनीनं मला विचारलं.

"नाही गं, आनंद झालाय तिला," मी म्हटलं. "आनंद झाला की ती अशीच दिसते."

खळ्यावर भात मापायची आमच्याकडे रीत आहे. मापताना कोणी बोलत नाही. राशीवर फूल ठेवतात, नारळ वाढवतात, थोरले काका पायलीचं माप हातात घेतात आणि पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, मग तीन. काकांचा आवाज सोडला तर भात ओतल्याची सळसळ तेवढी ऐकू येते. देवाचा वाटा आधी बाजूला निघतो, आणि सगळ्यात शेवटी राशीच्या जागी थोडं भात तसंच ठेवतात. खळं खरवडून न्यायचं नसतं.

त्या दिवशी माप संपेनाच. कणग्या भरल्या, होती नव्हती ती पोती भरली, मी दुकानातून आणलेल्या कापडी पिशव्यासुद्धा भरल्या. थोरली पोत्याचं तोंड धरून बसली होती. उन्हानं लाल झालेली, केसांत कोंडा. समोर अश्विनी पेंढ्याच्या उडवीला टेकून उभी होती. पोतं काठोकाठ भरलं ते काकांच्या लक्षात आलं नाही, त्यांनी पुढची पायली ओतली, आणि भात सांडून थोरलीच्या हातांवरून, मांडीवरून खाली घरंगळलं. आणि थोरली हसली. खळ्यावर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. मान मागे टाकून, अगदी पोरीसारखी हसली, आणि त्या हसण्याच्या भरात म्हणाली, "अवो पुरे! पुरे आता, ठेवायचं कुठं?"

काकांच्या हातातलं माप तसंच राहिलं. कोणी काही बोललं नाही. मापताना बोलायचं नसतंच. थोरलीनं दोन्ही हात तोंडावर दाबले होते. ती काकांकडे बघत नव्हती आणि भाताकडेही नाही. ती अश्विनीच्या पोटाकडे बघत होती.

बाकीच्यांना वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा आणला. मी मात्र ओळखलं होतं. संध्याकाळी तिच्याजवळ बसून मी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "काकी, तू काकांना म्हणालीस पुरे. पोत्याला म्हणालीस. देवाला कुठे म्हणालीस?"

"ह्यांच्या हातानं वाढत कोन होतं?" तिनं विचारलं.

तिच्या मनात काय बसलंय ते मला स्वच्छ दिसत होतं. देणाऱ्याला तिनं ‘पुरे’ म्हटलं होतं, आणि जे अजून यायचं होतं ते अश्विनीच्या पोटात होतं.

त्या राशीतला एक दाणा थोरलीनं तोंडात घातला नाही. घरात पाऊल ठेवायला जागा नाही इतकं भात, आणि ही थंडीभर नाचणीची भाकरी खात राहिली. वाडीतल्या प्रत्येक घरी तिनं भात पोचवलं, ज्यांचं स्वतःचं भरपूर झालं होतं त्यांच्याकडेही. काका काही म्हणायला गेले, तर म्हणाली, "मी बोललेल्या भाताला मी हात कसा लावू?" काकांच्याही चेहऱ्यावर मला काळजी दिसली.

मग एक दिवस ती मला बरोबर घेऊन सोमजाईच्या देवळात गेली. आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

"काय बोलायचं वहिनी? नवस बोला," गुरवदादा म्हणाले. "सुनेची सुटका नीट झाली की काय द्यायचं ते सांगा."

"नवस नाय. सौदा नाय करायचा मला," थोरली म्हणाली. "माझ्या तोंडून एक शबुद गेलाय, तो मला परत घ्यायचाय. घेऊन देशील का, एवढंच विचारा."

असलं गाऱ्हाणं गुरवदादांनी जन्मात घातलं नसेल. त्यांनी आपल्या परीनं घातलं, "आये, हिच्या तोंडून काय उणंदुणं गेलं असंल ते पोटात घाल." मग कळ्या लावल्या. आम्ही बसलो. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, थोरलीच्या पायांवर चढलं, तरी कळी पडेना. उजवी नाही आणि डावीही नाही. शेवटी गुरवदादा घसा खाकरून म्हणाले, "वारा नाय आज." थोरली उठली, देवीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "पडायची तेव्हा पडंल." मी देवीवर चिडले होते. डावी पाड, पण काहीतरी पाड. माणसाला असं टांगून ठेवू नये.

अश्विनीला तपासायला महाडला आणायचे ते माझ्याकडे. एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे फिरवला आणि सांगितलं, की जुळं आहे. अश्विनी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बाहेर आल्यावर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "ताई, आईंना सांगायचं नाय. एकाच्या काळजीनं त्या भात सोडून बसल्यात. दोन ऐकलं तर उभ्या राहायच्या नायत."

आम्ही लपवलं. महेशलाही बजावलं. अश्विनीचं पोट भराभर वाढायला लागलं, तशी थोरली संशयानं बघायची. "केवढं गो हे?" मी म्हणायची, "पोर अंगानं मोठं आहे." त्यावर ती घाबरून, "मोठं नको म्हनू!" आता माझीही गत तिच्यासारखीच झाली होती. मशीनवर बसले असताना एखादं गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "बाही एवढीच पुरे," आणि माझ्या छातीत धस्स व्हायचं. दोन जीव आहेत हे ठाऊक असलेली मी, आणि एकासाठी झुरणारी ती. कोणाची भीती मोठी, कोण जाणे.

पाऊस सुरू झाल्यावर अश्विनीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडला. वाडीवर दरडीची भीती आणि महाडात पुराची. वर डोंगर भिजून जड झाला, की रात्रंदिवस कान तिकडे लागायचे. खाली सावित्री नदीचं पाणी गढूळलं, की दुकानदार माल माळ्यावर चढवायचे. शेवटी दवाखाना जवळ म्हणून तिला माझ्याकडे आणली. दिवस भरायला अवकाश होता, पण एका सकाळी पाऊस कोसळत असताना तिला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला चढावरच्या दवाखान्यात नेलं. महेश जीप करून थोरलीला घेऊन आला. ओल्या लुगड्यानं ती बाकड्यावर बसली. हातात माळ नाही, तोंडात जप नाही. नुसते दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून बसली होती.

नर्स बाहेर डोकावून म्हणाली, "पहिली मुलगी," आणि आत गेली.

"पहिली?" थोरलीनं माझ्याकडे बघितलं. "पहिली म्हंजे काय गो?"

मला सांगावंच लागलं. तिच्या ओठांचा रंग गेला. मी धरायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. मग विचारलं, "म्हंजे खळ्यावर दोनबी होती?"

"होती."

"मग मी पुरे म्हनायच्या आधीच त्यानं वाढून ठेवलं होतं."

ती हे असं म्हणाली, की जणू कोणी तिला उन्हातून सावलीत ओढून घेतलं. पण ते फार टिकलं नाही. नर्स परत आली. दुसरीही मुलगी होती, पण हाताच्या ओंजळीएवढी, श्वास नीट घेत नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवत होते. आमच्या शेजारी बसलेल्या एका बाईनं चुकचुकत म्हटलं, "अरेरे, दोन्ही मुलीच?"

"त्यातला ‘च’ परत घे," थोरली म्हणाली. असा आवाज होता तो, की त्या बाईनं तो खरोखर परत घेतला. "दोन मुली," ती पुटपुटली.

पाणी बाजारपेठेत शिरलं. माझ्या दुकानाचं शटर निम्म्यावर बुडालं असं कोणीतरी येऊन सांगितलं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. वीज जायची, दवाखान्याचा जनरेटर धडधडत सुरू व्हायचा, आणि मधल्या त्या शांततेत आम्ही सगळे श्वास धरून त्या पेटीच्या दिव्याकडे बघायचो. थोरलीनं मला एकदाच विचारलं, "वाढलेलं ताटावरनं उचलून नेईल का गो तो?" मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि देव करो, परत न वाटो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला शोधत गेले, तर ती त्या खोलीच्या काचेपाशी उभी होती. पदर दोन्ही हातांनी पुढे पसरलेला, कपाळ काचेला टेकलेलं, ओठ हलत होते. मला वाटलं, शेवटी हिनंही जप सुरू केला. मी जवळ गेले. ती म्हणत होती, "राहू दे. राहू दे. राहू दे."

तेव्हा मला तो शब्द कळला. ताटावर हात आडवा धरून आम्ही जो ओरडायचो, तो ‘नको’ म्हणण्याचा शब्द नव्हताच. तू दिलंयस, ते काढून नेऊ नकोस, इथंच राहू दे. भरल्या ताटावर बसलेल्या पोरांच्या तोंडून ती रोज देवापुढे हेच म्हणवून घेत होती, आणि आम्ही तिला नाव ठेवून हसत होतो. माझे डोळे वाहायला लागले. मीही पदर पुढे धरला आणि तिच्या शेजारी उभी राहून म्हणायला लागले.

पाणी उतरलं. बाजारपेठेत चिखल उरला. आणि पेटीतली पोर हळूहळू दूध ओढायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला आजीच्या मांडीवर द्यायला सांगितलं, त्या दिवशी मी घरून वरणभाताचा डबा नेला. भात त्या राशीतलाच होता. मी भीत भीतच डबा उघडला. थोरलीनं त्याला हात जोडले आणि म्हणाली, "वाढ." किती महिन्यांनी ती भात जेवत होती. मी वाढत गेले, ती खात गेली, आणि मग तिनं डब्यावर हात आडवा धरला. "राहू दे." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ती हसली. पण तोंडावर पदर धरून.

मुलींना घेऊन ती सोमजाईला गेली, तेव्हा गुरवदादा कळ्या घेऊन तयारच होते. "कौल नको," थोरली म्हणाली. "विचारायचं काय नाय. नुसत्या दाखवायला आनल्यात." आणि तिनं दोघींना देवीपुढे जमिनीवर ठेवलं, आपण मागे सरली, जणू तिच्या नव्हेतच त्या. परतताना मी तिला विचारलं, "आता तरी भीती गेली का?"

"जाईल कशी?" ती म्हणाली. "दोन झाल्या ना आता."

ती भीती मला तिनं देऊन टाकली. दुकान परत उभं राहिलं, माझा मुलगा नोकरीला लागला, घरात नवं कपाट आलं, आणि दर वेळी माझा आवाज आपोआप खाली गेला. आधी वर बघते, मग कपाटाकडे. नवरा हसतो. हसू दे.

थोरली यंदाच्या झोडणीत गेली. दिवाळीआधीच तिनं अंथरूण धरलं होतं. दवाखान्यातून घरी आणली, कारण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अवकाळी पावसाचे ढग होते म्हणून तिनंच काकांना बजावलं, "रास उघड्यावर ठेवू नका, मापून घ्या." पीक पुन्हा भरपूर होतं. मुंबईची माणसं आली होती, घर भरलं होतं, दोघी मुली ओंजळीत भात घेऊन अंगणभर पळत होत्या. मी खिडकीपाशी तिच्या उशाला बसून चमच्यानं पेज भरवत होते. बाहेरून काकांचा आवाज आला, "लाभ." मुली एकदम गप्प झाल्या, त्यांनाही आता रीत ठाऊक झाली होती. थोरलीनं डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली.

चार घोट गेले असतील. मी पुढचा चमचा ओठांशी नेला आणि ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

"पुरे," थोरली म्हणाली.

माझा हात जागच्या जागी थांबला, तिचा थांबायचा तसा. "काकी, असं म्हणू नये," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. त्यांत भीती नव्हती. इतक्या वर्षांत मी ते डोळे भरल्या घरात असे कधी पाहिले नव्हते. "माझ्यापुरतं पुरे गो बाय," ती म्हणाली. मग खिडकीकडे, मुली होत्या तिकडे, मान वळवली. "त्यांचं राहू दे."

मी तिचं ऐकलं नाही. वाटी खाली ठेवली, पदर पुढे धरला आणि म्हणत राहिले, राहू दे, हिलाही राहू दे. बाहेर माप चालू होतं, त्यामुळे सगळं खळं गप्प होतं.

दिवेलागणीच्या आत ती गेली. राशीच्या जागी थोडं भात ठेवायचं असतं, ते काकांनी त्या दिवशी जरा जास्तच ठेवलं.